विचारा, सांगते : फुटबॉल खेळणारी मुलं आणि त्यांची कॉलेजची वर्षं

ह्या महिन्यात आलेल्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयाची निघाली : अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. मी गेली एकोणीस वर्षं इथल्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात खेळाडूंची अभ्यास-सल्लागार आहे, त्यांतली बारा वर्षं फक्त फुटबॉलच्या मुलांची. तेव्हा ह्या वेळी इतर पत्रं बाजूला ठेवून ही तीनच घेते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लेफ्ट गार्ड खेळतो. उंची सहा फूट दोन इंच, वजन दोनशे साठ पौंड. अभ्यासात चांगला आहे, मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं म्हणतो. एका मोठ्या विद्यापीठाने 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणून बोलावलंय, स्कॉलरशिप नाही. दुसरीकडे डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या पातळीचं, एक छोटं कॉलेज आहे. तिथे इंजिनिअरिंग आहे आणि मार्कांवर फीमध्ये बरीच सूट देतायत. ह्याचे बाबा म्हणतात, मोठ्या ठिकाणी जा, टीव्हीवर दिसशील, आता खेळाडूंना पैसेही मिळतात. मला त्याच्या डोक्याची भीती वाटते. मी कुणाचं ऐकू? – एक आई, ओहायो

उत्तर : तुमचं पत्र वाचताना 'लेफ्ट गार्ड' ह्या दोन शब्दांशी मी थांबले. टीव्हीवर दिसतो तो क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. गार्ड म्हणजे त्याला वाचवायला पुढच्या रांगेत उभा असतो तो. गार्ड दिसतो तो फक्त त्याची चूक झाल्यावर, तेव्हा रेफरी त्याचा नंबर माइकवर सांगतो. प्रत्येक स्नॅपला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताना, तो वाकून बसलेला असतो आणि हातभर अंतरावरच्या तीनशे पौंडांच्या माणसाला धडकतो. एका मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा, आणि प्रॅक्टिसमध्ये आठवडाभर. टीव्हीचा मुद्दा त्याच्या बाबांनी सोडून द्यावा, ह्या जागेला तो लागूच पडत नाही.

आता वॉक-ऑनचं. प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणजे संघात जागा देऊ, पण फी तुम्ही भरा. लॉकर मिळतो, जर्सी मिळते, पहाटेचं वेटलिफ्टिंग आणि दुपारची प्रॅक्टिस स्कॉलरशिपवाल्या मुलाइतकीच असते. पूर्वी डिव्हिजन वनच्या वरच्या फळीतल्या संघाला 85 स्कॉलरशिप देता यायच्या, आणि वॉक-ऑन धरून संघ सव्वाशेच्या आसपास जायचा. जून 2025 मध्ये खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड न्यायाधीशांनी मंजूर केली आणि 2025-26 पासून हिशोब बदलला. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा राहिली नाही, पण संघ 105 जणांचाच. ह्याची झळ बसली ती वॉक-ऑन मुलांना. त्यामुळे कोचला पहिला प्रश्न हाच विचारा, की माझा मुलगा त्या 105 मध्ये धरलाय का, आणि हे ई-मेलवर लिहून द्याल का. फोनवर गोड बोलणं आणि ई-मेल ह्यांत किती फरक असतो, ते मी दर ऑगस्टला बघते.

वॉक-ऑनमधून कुणी वर येतच नाही, असं नाही. जॉर्जिया विद्यापीठाचा स्टेट्सन बेनेट वॉक-ऑन म्हणून आला, मध्ये एक वर्ष मिसिसिपीतल्या ज्युनियर कॉलेजात गेला, परत आला आणि 2021 व 2022 अशा लागोपाठ दोन सीझनचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकून गेला. घरोघरी हेच उदाहरण सांगितलं जातं. मी ज्यांच्यासोबत बसले, त्या वॉक-ऑन मुलांपैकी बहुतेकांनी चार वर्षं पुढच्या मॅचच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करत प्रॅक्टिस केली, म्हणजे स्काउट टीममध्ये. ती मुलं मला मनापासून आवडतात. पण त्यांच्या आईवडिलांनी 'दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिप मिळेलच' असं धरून कर्ज काढलेलं मी पाहिलंय. ते तुम्ही करू नका.

खरी अडचण इंजिनिअरिंगची आहे, आणि तिच्याबद्दल तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

एनसीएए ही कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संस्था. तिचा नियम सांगतो, की सीझनमध्ये आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त खेळ नको, दिवसाला चार तासांपेक्षा जास्त नको. कागदावर छान दिसतं. पण मॅचचा अख्खा दिवस त्या हिशोबात तीनच तास धरतात. बसचा प्रवास, गुडघ्यावरचे उपचार, 'ऐच्छिक' म्हणून बघायचा व्हिडिओ, ह्यांतलं काहीच मोजत नाहीत. एनसीएएच्याच पाहणीत वरच्या फळीतली फुटबॉलची मुलं आठवड्याचे तास चाळिशीच्या घरात सांगतात. म्हणजे पूर्ण वेळची नोकरी, आणि वर इंजिनिअरिंग.

त्यात दुसरा नियम. डिव्हिजन वनमध्ये दुसरं वर्ष संपताना डिग्रीची चाळीस टक्के क्रेडिट्स पूर्ण हवीत, तिसरं संपताना साठ, चौथं संपताना ऐंशी. आणि तीही त्याने निवडलेल्या डिग्रीला लागू पडणारी. इंजिनिअरिंगमध्ये कॅल्क्युलस झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, स्टॅटिक्सशिवाय डायनॅमिक्स नाही. ह्या साखळीतली एक लॅब दुपारी तीनला आली आणि प्रॅक्टिसही तीनलाच असली, की वर्ष सरकतं. वर्ष सरकलं की टक्केवारी बसत नाही. टक्केवारी बसेना की कोणीतरी हळूच म्हणतं, 'मेजर बदल ना', म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय. कोणी जबरदस्ती करत नाही. वेळापत्रकच ते काम करतं.

माझ्याकडे एक टॅकल होता, गार्डच्या शेजारी खेळणारा. त्याला नर्सिंग करायचं होतं. रात्री साडेनऊला स्टडी हॉलमध्ये यायचा तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या प्लॅस्टिकच्या पट्टीने गुंडाळलेल्या असायच्या आणि टेबलाखाली पाणी ठिबकत राहायचं. उजव्या हाताची मधली दोन बोटं एकमेकांना टेपने बांधलेली. पेन अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून तो ॲनाटॉमीच्या आकृत्यांना नावं द्यायचा. अक्षर मोठं मोठं, लहान मुलासारखं, पण हाड एकही चुकायचं नाही. दुसऱ्या वर्षी हॉस्पिटलमधली प्रत्यक्ष कामं सुरू व्हायची होती, सकाळी साडेसहाला. वेटलिफ्टिंग सहाला. तीन आठवडे बैठका झाल्या आणि शेवटी त्याने 'जनरल स्टडीज'चा फॉर्म भरला. त्या फॉर्मवर सल्लागार म्हणून सही माझी आहे. तेव्हा मी आणखी भांडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. आता सत्ताविसाव्या वर्षी तो स्वतःच्या पैशांनी नर्सिंग शिकतोय.

म्हणून कोचला दुसरी गोष्ट विचारा. संघाच्या वेबसाइटवर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे बहुधा मेजर दिलेला असतो. ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे गार्ड-टॅकलच्या रांगेतल्या, मुलांची नावं काढा. त्यांत तिसऱ्या-चौथ्या वर्षाला मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये कोणी आहे का, ते पाहा. पहिल्या वर्षातले मोजू नका, त्यांचं अजून काही ठरलेलं नसतं. असेल तर त्याचं ह्या सेमिस्टरचं वेळापत्रक तुमच्या मुलाने त्याच्याकडूनच मागून घ्यावं. एकही नसेल, तर तेच उत्तर.

आता तुमची भीती. ती वेडी नाही. 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजपर्यंत खेळलेल्या 53 जणांपैकी 48 जणांच्या मेंदूत सीटीई हा डोक्याला वारंवार धडका बसून होणारा आजार सापडला. हे लक्षात ठेवा, की काहीतरी बिघडलंय असं ज्या घरांना वाटत होतं, मुख्यतः त्यांनीच मेंदू दान केले होते. त्यामुळे खेळणाऱ्या दर 53 मुलांना हे गणित लावता येणार नाही. पण धोका एका मोठ्या आपटण्यापुरता नसतो. वर्षानुवर्षं साठणाऱ्या लहान लहान धडकांचा असतो, आणि गार्डच्या वाट्याला त्याच सर्वांत जास्त येतात.

जॉन अर्शलची गोष्ट त्याला जरूर सांगा. पेन स्टेटचा गार्ड. खेळता खेळता गणितात मास्टर्स केलं, 2014 मध्ये एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमधल्या बॉल्टिमोर रेव्हन्स संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेऱ्या-फेऱ्यांनी कॉलेजची मुलं निवडतात त्यात, पाचव्या फेरीत घेतलं. 2015 मध्ये त्याला कन्कशन झालं, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला, आणि काही काळ वरच्या दर्जाचं गणित जमेना, असं त्याने स्वतः सांगितलंय. 2017 च्या जुलैत बॉस्टनचा अभ्यास आला आणि दोन दिवसांत त्याने निवृत्ती घेतली, सव्विसाव्या वर्षी. पुढे एमआयटीत पीएचडी केली आणि आता तिथेच शिकवतो. त्याचं खेळावरचं प्रेम खरं होतं आणि निवृत्तीचा निर्णयही खरा होता. मुलांना हे दोन्ही एकाच माणसात बघायला मिळायला हवं.

माझ्या अनुभवातलं एक सांगते. डोकं दुखतंय हे लपवणारी मुलं जास्त करून वॉक-ऑन असतात. स्कॉलरशिपवाला ट्रेनरला सांगतो, कारण आठवडाभर बाहेर बसला तरी त्याची जागा कुठे जात नाही. ज्याची जागाच कच्ची, तो दोन गोळ्या घेऊन मैदानात उतरतो. तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी, पैसे आणि डोकं, इथे एकत्र येतात.

पैशांचं थोडक्यात. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीतून कमावता येतं, आणि 2025-26 पासून विद्यापीठंही थेट खेळाडूंत पैसे वाटू शकतात; त्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर्सपर्यंत मुभा होती. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, आणि फुटबॉलमध्येही तो नावाजलेल्या खेळाडूंकडे. वॉक-ऑन गार्डने त्यात आपली फी धरू नये.

मला विचाराल तर छोटं कॉलेज. तिथे खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप देतच नाहीत. त्यामुळे मार्कांवर मिळालेली मदत त्याने फुटबॉल सोडला तरी मार्क टिकवल्यास चालू राहते. शिवाय तो प्रत्यक्ष खेळेल, नुसती नक्कल करणार नाही. आणि तिथून पुढचं दार बंद होतं असं बाबांना वाटत असेल, तर त्यांना अली मार्पेटचं नाव सांगा. न्यूयॉर्क राज्यातल्या होबार्ट कॉलेजचा, डिव्हिजन थ्रीचा, तोही लाइनवरचाच. 2015 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत 61 वा निवडला गेला आणि पुढे टँपा बे संघात गार्ड म्हणून सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम मॅच, जिंकला. त्यानेही अठ्ठाविसाव्या वर्षी, अजून चांगला खेळत असताना, तब्येतीचा विचार करून थांबायचं ठरवलं. असा मुलगा क्वचितच निघतो. पण निघाला तर एनएफएलचे लोक त्याला हुडकत येतात.

एक अपवाद मात्र आहे. फुटबॉल नसतं तरी त्याने त्याच मोठ्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला असता आणि तिथली फी तुम्हाला झेपली असती, तर त्याला जाऊ द्या. तेव्हा तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणून जाईल, आणि वॉक-ऑन ही त्याच्या हौसेची गोष्ट राहील.

प्रश्न : मी सध्या मुलाकडे टेक्सासला आलो आहे. नातू कॉलेजच्या संघात आहे. तो म्हणतो, मी 'रेडशर्ट' आहे, कॉलेजात पाच वर्षं राहणार. सूनबाई हसून विषय बदलतात. तो नापास झाला आहे काय? मला स्पष्ट सांगावे. – एक आजोबा

उत्तर : आजोबा, अजिबात नाही. निश्चिंत राहा.

इथे खेळाडूला पाच वर्षांत चार सीझन खेळता येतात. पहिल्या वर्षी मुलगा अठरा वर्षांचा असतो आणि समोर बावीस-तेवीस वर्षांचे तयार गडी. तेव्हा कोच त्याला वर्षभर मॅचमध्ये उतरवत नाहीत. तो प्रॅक्टिस करतो, वजन वाढवतो, वर्गात नियमित बसतो आणि त्याचा खेळायचा एक सीझन शिल्लक राहतो. ह्याला रेडशर्ट म्हणतात. 1937 साली नेब्रास्का विद्यापीठातला एक खेळाडू असाच वर्षभर बाहेर राहून लाल शर्टात प्रॅक्टिस करायचा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. 2018 पासून तर चार मॅचपर्यंत खेळूनही तो सीझन वाचवता येतो.

उलट ह्यात एक फायदा आहे. माझी कित्येक मुलं चार वर्षांत डिग्री घेतात आणि पाचव्या वर्षी मास्टर्स सुरू करतात. नातवाला स्कॉलरशिप असेल तर त्या वर्षाची फीही बहुधा त्यातच भागते. त्याला आज जेवताना विचारा, 'पाचव्या वर्षी काय शिकणार?' हा प्रश्न त्याला आजोबांनी विचारला तर तो नीट उत्तर देईल. सल्लागाराला मुलं उडवून लावतात.

प्रश्न : ताई, हे माझ्या बहिणीच्या मुलासाठी लिहिते आहे. तो मराठी बोलतो, लिहीत नाही. सेफ्टी म्हणून, म्हणजे बचावाच्या शेवटच्या फळीत, चार वर्षं खेळला, गेल्या शनिवारी त्याची शेवटची मॅच झाली. डिग्रीला नऊ क्रेडिट्स उरलीत. एक एजंट म्हणतो, स्प्रिंग सेमिस्टर सोड, फ्लोरिडाला ट्रेनिंगला चल, खर्च मी करतो, मार्चच्या प्रो डेला एनएफएलचे लोक तुला बघतील. खांदा अजून दुखतो, पण तो कोणाला सांगत नाही. घरात कोणाशी धड बोलत नाही. – एक मावशी

उत्तर : मावशी, हे त्याला वाचून दाखवा. पुढचं मी त्याच्याशीच बोलते.

अरे, आधी मागच्या सोमवारचं बोलू. पहाटे साडेपाचला जाग आली असेल. माझी बहुतेक मुलं त्या सोमवारी सवयीने इमारतीपर्यंत येतात. एक जण तर वेटरूमच्या दाराशी गाडीत बसून होता. त्याचं कार्ड चालत होतं, दार उघडलं असतं, फक्त आत त्याच्या नावाचा रॅक नव्हता. आदल्या शनिवारी त्याने हेल्मेट परत केलं तेव्हा इक्विपमेंटच्या खिडकीत उभ्या काकांनी आतला हनुवटीचा पट्टा काढून त्याच्या हातात ठेवला होता, 'हा तुझा' म्हणून. तो त्याच्या गाडीच्या आरशाला टांगलेला होता. मी काच वाजवली, आम्ही कॉफी प्यायलो, तो फार काही बोलला नाही. तूही बोलला नाहीस तरी चालेल. पण विद्यापीठात खेळाडूंसाठी समुपदेशक असतात, त्यांच्याकडे ह्या आठवड्यात एकदा जाऊन बस. आठव्या-नवव्या वर्षापासून ज्या गोष्टीभोवती तुझा प्रत्येक दिवस बांधलेला होता, ती एका दुपारी संपली. ह्याचं दुःख होणारच.

आता हिशोब. एनसीएएच्या आकड्यांप्रमाणे ड्राफ्टला पात्र कॉलेज खेळाडूंपैकी साधारण शंभरात दीड जण निवडले जातात. सात फेऱ्या, बत्तीस संघ, अडीचशेच्या थोड्या वर मुलं. त्यानंतर काहींना ड्राफ्टशिवाय बोलावतात. उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे नव्वद जण असतात आणि ऑगस्टच्या शेवटी 53 उरतात. नवख्याचा वर्षाचा किमान पगार 2025 मध्ये 8,40,000 डॉलर्स होता. एजंट तुला असाच आकडा सांगेल. तो सीझनच्या आठवड्या-आठवड्याने मिळतो आणि त्या 53 मध्ये असलास तरच मिळतो, हे तू त्याला विचार.

तरी प्रयत्न करू नकोस असं मी म्हणणार नाही. तुला धावायचंय, तर धाव. चाळीस यार्ड, आणि कोणीतरी घड्याळात शंभरावा भाग मोजत उभा. दर मार्चला मी इनडोअर मैदानाच्या भिंतीला टेकून ते बघते. साडेचार सेकंदांचं काम, आणि त्याआधी मुलगा दोन मिनिटं नुसता हात कुठे टेकायचे ते ठरवत असतो. त्या दोन मिनिटांसाठी तू चार वर्षं घातलीस.

पण नऊ क्रेडिट्स सोडू नकोस. म्हणजे तीन विषय. तुझ्या सल्लागाराला ह्या आठवड्यात विचार, त्यांतले किती ऑनलाइन मिळतात. फ्लोरिडाच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये सकाळचं सत्र आणि दुपारचं सत्र ह्यांच्या मध्ये मोकळा वेळ असतो. माझ्या दोन मुलांनी त्या वेळेत स्टॅटिस्टिक्स पूर्ण केलं. आणि सेमिस्टर खरंच सोडावं लागलं, तर हे माहीत असू दे : ऑगस्ट 2024 पासून डिव्हिजन वनच्या विद्यापीठांवर बंधन आहे, की पूर्ण स्कॉलरशिपवर असलेल्या खेळाडूला त्याचं खेळणं संपल्यावर दहा वर्षांपर्यंत डिग्री पूर्ण करायला मदत द्यायची. ती आपोआप कोणी हातात आणून ठेवत नाही. मागावी लागते.

एजंटचा कागद सही करण्याआधी घरच्या कोणाला तरी, शक्यतो वकिलाला दाखव. ट्रेनिंगचा खर्च 'मी करतो' म्हणजे देणगी की उसने, हे त्यात लिहिलेलं असतं. एनएफएलच्या करारावर एजंटचं कमिशन जास्तीत जास्त तीन टक्के असतं, तेही बघून घे.

आणि खांदा. ह्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो खांदाच. सीझन संपल्यावर तुझी शेवटची वैद्यकीय तपासणी होईल आणि एक फॉर्म देतील : सध्या कुठे दुखतंय का? मुलं 'नाही' लिहितात. एनएफएलवाल्यांना कळेल, किंमत कमी होईल, ही भीती. मार्कस लॅटिमोर साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, होता, देशातल्या सर्वोत्तमांपैकी एक. 2011 मध्ये एक गुडघा गेला, 2012 मध्ये दुसरा, आणि तोही सगळ्या देशाने टीव्हीवर बघितला. तरी 2013 मध्ये त्याला चौथ्या फेरीत घेतलंच. म्हणजे ज्यांना घ्यायचं असतं ते दुखणं माहीत असूनही घेतात. एनएफएलची एकही मॅच न खेळता तो 2014 मध्ये निवृत्त झाला, ही गोष्ट वेगळी. आणि तुझा खांदा तर ते स्वतःच्या डॉक्टरकडून तपासणारच आहेत. फॉर्मवर 'नाही' लिहून त्यांच्यापासून काहीच लपत नाही.

दुखतंय असं लिहिलंस तर मात्र तुझं विद्यापीठ बांधील राहतं. खेळातून झालेल्या दुखापतीचा खर्च निदान दोन वर्षं त्यांनी द्यायचा आहे. 'नाही' लिहिलंस तर पुढच्या वर्षी एमआरआयचं बिल तुझ्या आईच्या नावाने येईल. तेव्हा कोणत्या मॅचमध्ये लागलं, कोणत्या ट्रेनरने बघितलं, रात्री कोणत्या कुशीवर झोपता येत नाही, सगळं लिही. फॉर्मची प्रत मागून घे आणि मावशीकडे ठेवायला दे. तपासणीची तारीख नाताळच्या सुट्टीआधीची असते, म्हणून उद्याच ट्रेनिंग रूमला फोन कर.